घाणामास्तरांची बाकं

नेमाण्णांची नि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. वार विचारला.

मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. टांग्यातून उतरवलेली ट्रंक आत कशी न्यावी याचा विचार करत मी दारात उभी होते. समोरच्या घरातून एक उंच, वाळका माणूस बाहेर आला. डोक्याला पांढरी टोपी, खाली पांढरी विजार, आणि या दोहोंच्या मध्ये हिरव्या-पिवळ्या पोपटांनी गच्च भरलेला ढगळ सदरा. कोल्हापुरात असा सदरा मी तोवर पाहिला नव्हता, नंतरही नाही.

"कंच्या वारच्या?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"जलम हो. कंच्या वारी झाला तुमचा?"

माझ्या जन्मापासून आई गुरुवारचा उपास करत असे, म्हणून मला माहीत होतं. "गुरुवारी," मी म्हणाले.

"मग तुमचं नाव या."

"कुठं येऊ?"

"कुठं यिऊ नगा. नावच हाय ते. गुरुवारी जलमलेली पोरगी म्हंजे या. तिकडं असंच असतंय."

तिकडं म्हणजे कुठं हे विचारायच्या आत त्यांनी ट्रंकेची एक कडी धरली होती. आत गेल्यावर त्यांनी माझ्या यजमानांचा वार विचारला. ते शुक्रवारचे निघाले. "मग हे कोफी," त्यांनी जाहीर केलं. तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कापी न्हाई वं आमच्यात. च्या चालंल का?"

मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची, त्यामुळे गल्ली मला बाई म्हणायची. नेमाण्णा 'या बाई' म्हणायचे. रस्त्यात कुठंही दिसले की लांबूनच "या बाई!" अशी हाळी घालत, आणि त्यांच्या ओट्यावर बसलेल्या लोकांना वाटे, मला बोलावताहेत. कुणी तरी सरकून जागा करून द्यायचं. मग जाऊन बसावंच लागे. त्यांच्या उद्योगात मी ओढली गेले ती अशी.

नेमाण्णा मूळचे गडमुडशिंगीचे, जैन घरातले. दोघे भाऊ. थोरले भूपालदादा शाहूपुरीत गुळाची अडत चालवत. धाकटे नेमाण्णा गणित शिकून मास्तर झाले, आणि परदेशात मास्तर पाहिजेत अशी जाहिरात वाचून बायकोला घेऊन थेट पश्चिम आफ्रिकेत, घाना देशात गेले. काही वर्षांनी परत आले ते एकटेच. एवढे दिवस कुठं होता असं कुणी विचारलं की ते सांगत, "घानात." ऐकणारा समजे, घाण्यात. थोरला गुळाचा व्यापारी, तेव्हा धाकटा तेलाच्या घाण्यावर असणार, हे लोकांना पटण्यासारखं होतं. गल्लीत त्यांचं नाव पडलं घाणामास्तर. त्यांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. "घाण्याला बैल तरी असतोय," ते म्हणत, "हिथं मी एकटाच फिरालोय."

एकटे म्हणजे खरोखर एकटे. भावाच्या भरल्या घरात न राहता त्यांनी आमच्या समोरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ गणिताच्या शिकवण्या घेत. स्वतः स्वयंपाक करत आणि बहुतेक रोज शेंगदाण्याची आमटी करत. "रोज एकादशी कशी वं तुमची?" सासूबाईंनी एकदा विचारलं. "तिकडं रोजच असती," त्यांनी उत्तर दिलं. सासूबाईंनी आफ्रिकेबद्दल त्या दिवशी पहिल्यांदा आदरानं हूं म्हटलं.

तो आदर टिकला नाही, कारण नेमाण्णांच्या बायकोचा विषय होता. "मंडळी कुठं असतात?" असं कुणी विचारलं की ते म्हणत, "तिकडंच हाईत." पुढं काही नाही. आवाज चढत नसे, पडत नसे. गल्लीनं दुसऱ्या महिन्यातच निकाल लावला होता की ती बाई तिकडच्या कुणाचं तरी घर धरून राहिली. सासूबाई तर हे अशा खात्रीनं सांगत, की जणू लग्नाला जाऊन आल्यात.

त्यांच्या दारावर एक पाटी होती: पश्चिम आफ्रिका शाळा सहाय्यक मंडळ, कोल्हापूर. मंडळात तिघंच. अध्यक्ष नेमाण्णा, चिटणीस मी, आणि सदस्य बाबू सुतार. बाबूला मंडळ कशाचं हे ठाऊक नव्हतं. पाटी त्यानं करून दिली होती, त्या बदल्यात नेमाण्णांनी त्याला सदस्य केलं होतं. मंडळाचं काम म्हणजे कुमासी नावाच्या शहराच्या पुढं, जंगलातल्या एका गावच्या शाळेला वस्तू पाठवायच्या. नेमाण्णा तिथं शिकवत होते. तिथल्या हेडमास्तरांचं नाव क्वाकू, म्हणजे बुधवारी जन्मलेले. नेमाण्णा त्यांना सरळ बुधा मास्तर म्हणत. "आमच्या गडमुडशिंगीत सोमा हाय, मंगळ्या हाय, बुधा हाय. तिकडं बी त्येच. मग परदेश कुठला ह्यात?"

वस्तू ते मागून आणत. आमच्या शाळेत येऊन फळ्याखाली पडलेले खडूचे तुकडे गोळा करत. मुली फिदीफिदी हसत. जुन्या कंपासपेट्या, एका बाजूनं वापरलेले कागद, पट्ट्या, शाईच्या पुड्या, काहीही चाले. माझ्या मुख्याध्यापिकाबाई त्यांना लांबून पाहिलं की ऑफिसचं दार लावून घेत. ते दार वाजवत, आणि उघडलं की वार विचारत. पार्सलं शिवताना मात्र त्यांचा हात असा चाले, की बघत राहावं. दर कोपऱ्यात कडुनिंबाचा पाला घालत. वाळवीचा त्यांना माणसासारखा राग होता.

इथवर सगळं गमतीचं होतं. मग बाकांचं निघालं.

एका बैठकीत नेमाण्णांनी सांगितलं की आता मंडळ शाळेला बाकं पाठवणार. वर्गात पोरं बसतात ती बाकं. सागवानाची, खिळा न मारता खाचेत कुसू घालून बसवलेली, सुटी करून पेट्यांत भरायची आणि तिकडं गेल्यावर जोडायची.

बाबूनं कानावरची पेन्सिल काढली. "मास्तर, तिकडं जंगल हाय म्हंतासा."

"हाय की. दिवसा अंधार पडतोय असं जंगल."

"मग लाकूड हिथनं कशाला?"

"लाकूड हाय. बाकं न्हाईत."

"अवं, मग पैसं पाठवा. तिकडं काय सुतार न्हाईत व्हय?"

"सुतार हाईत. तुज्यापेक्षा बरं हाईत. तू बाकं करतोस का न्हाई तेवढं सांग."

मीही तेच विचारलं. उसाच्या फडात ऊस नेऊन विकावा तसा हा प्रकार होता. नेमाण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. "या बाई, चौथीतल्या पोरीगत बसून दावा जरा. उंची काढायची हाय." तेव्हा मी चांगली तिशीच्या पुढं होते. अंग आवरून बाबूच्या ठोकळ्यावर बसले, आणि बाबूनं माझ्या गुडघ्याची उंची घेतली. त्या बाकांचं माप ते माझं आहे.

लाकडासाठी त्यांनी गडमुडशिंगीतली आपल्या वाटणीची जमीन फुंकली. हे कळलं त्या दिवशी भूपालदादा गल्लीत आले. धोतर, काळा कोट, हातात छत्री. आत गेलेच नाहीत, रस्त्यातूनच सुरू झाले.

"नेम्या! बाहेर ये! बाची जमीन इकून आफ्रिकेला बाकं? डोकं ठिकाणावर हाय न्हवं?"

नेमाण्णा दारात आले. "हळू बोल, दादा. शिकवणी चाललीया."

"शिकवणी गेली खड्ड्यात! घरात ये म्हणालो, आला न्हाईस. दुसरी बायकू कर म्हणालो, केली न्हाईस. ती तिकडं सुखात नांदालीया आणि तू हिथं खडूचं तुकडं येचत फिरालायस! लोक मला इचारत्यात, बाजारात तोंड दावायची सोय न्हाई!"

सगळी गल्ली दारात उभी होती. मला वाटलं, आता नेमाण्णा काहीतरी बोलतील. ते एवढंच म्हणाले, "सुखात हाय म्हणालास न्हवं. बरं झालं." आणि आत जाऊन त्यांनी अपुरं राहिलेलं गणित पुढं सुरू केलं.

पाऊस त्या साली दगा देऊन गेला. बाहत्तरचं ते साल. आमच्या बाजूला तेवढं जाणवलं नाही, पण पूर्वेकडनं जत-आटपाडीची माणसं, जनावरं शहराकडं येऊ लागली. हाडांवर कातडं ताणलेल्या गाई रंकाळ्याच्या काठाला उभ्या असत, त्यांना पाण्यापर्यंत उतरवत नसे. बायका दुसऱ्या मुलखातल्या रस्त्यांवर खडी फोडत होत्या. एक म्हातारा आमच्या शाळेच्या फाटकाशी बसल्या बसल्या मेला. मुलींना मागच्या दारानं घरी सोडलं. आणि बाबू सुताराच्या अंगणात मात्र आफ्रिकेला जायची सागवानी बाकं तयार होत होती.

लोक चिडले, यात नवल नव्हतं. मीही आतून चिडले होते. गल्लीच्या तालमीनं दुष्काळासाठी वर्गणी काढायला चौकात बैठक बोलावली, आणि पैशाआधी बाकांचाच विषय निघाला. बायका एका कडेला बसल्या होत्या, त्यांत मी आणि सासूबाई. तालमीचे वस्ताद दगडू जाधव उभे राहिले. हा माणूस बोलायचा कमी, पण बोलला की शेवटच्या घरापर्यंत ऐकू जायचं.

"घाणामास्तर, सरळ इचारतो. हिथं माणसं मराय लागलीत. तुमचं लाकूड इकलं तर चार घरं जगतील. आफ्रिकेतल्या पोरांच्या बुडाखाली सागवान कशाला पायजे?"

कुणीतरी हसलं. दुसरा कुणी ओरडला, "बायकूला पाठवालेत! सासुरवाडी हाय तिकडं!"

आता चौकात खूप जण हसले. नेमाण्णा उठले. पोपटांचा सदरा अंगात होता, त्यावर विटलेला कोट.

"वस्ताद," ते म्हणाले, "माज्या शिकवण्यांचं जे येतंय ते उद्यापास्नं दुष्काळाला घ्या. घरातलं धान्य घ्या. मी खडी फोडाय बी येतो. बाकं तेवढी मागू नगा. ती माजी न्हवंत."

"मग कुणाची?"

नेमाण्णांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि वर्गात रीत समजावून सांगावी तशी पायरी-पायरीनं सांगितली.

"राजमती तिकडं तापानं गेली. लोकांनी वाटंल ते बोलावं, मी कुणाला काय सांगितलं न्हाई. पावसाळा हुता. तिकडचा पाऊस म्हंजे आपलं राधानगरी काहीच न्हाई. रस्ता वाहून गेलता, दवाखाना पल्याड. पहाट हुताना गेली. गावातली म्हातारी माणसं आली, म्हणाली, आमच्या मसणवटीत जागा देतो. तिकडं पुरत्यात. माजं डोकं फिरलं हुतं. मी म्हणालो, आमच्यात पुरत न्हाईत, जाळत्यात. बरं, म्हणाली. सगळं गाव लाकडाला गेलं. एवढं जंगल, वस्ताद, पण काडी न काडी भिजलेली. पेटंना. नुसता धूर. मी तिच्याजवळ बसून ऱ्हायलो. दुपार झाली तरी काय हुईना."

चौकात आता कुणी हसत नव्हतं.

"बुधा मास्तर माज्याजवळ बसला हुता. उठून गेला. जरा वेळानं शाळंकडनं कुऱ्हाडीचा आवाज आला. शाळंला बाकं हुती. गावच्या माणसांनी मोठं झाड पाडून, हातकरवतीनं कापून, दोन उन्हाळं खपून केल्याली. पोरं पयल्यांदा बाकावर बसली त्या दिवशी गावात ढोल वाजवलं हुतं, मी बगितलंय. ती कोरडी हुती. पोरांनी डोक्यावरनं आणली. रांगेनं. माज्याच वर्गातली पोरं. कुणी रडत न्हवतं, कुणी बोलत न्हवतं. आणायचं, ठेवायचं, परत जायाचं."

"किती जाळली?" वस्तादांनी विचारलं. त्यांचा आवाज मला पहिल्यांदा बारीक ऐकू आला.

"सगळी."

मग ते म्हणाले, "दोन दिवसांनी वर्गात गेलो. पोरं जमिनीवर बसल्याली. उठून उभी ऱ्हायली, गुड मॉर्निंग सर म्हणाली, परत जमिनीवर बसली. गुडघ्यावर वही घिऊन गणितं केली. कुणी एका शब्दानं काय बोललं न्हाई. तिथं राहवंना, करार संपला तसा आलो. पैसं पाठवलं, बुधा मास्तरनं परत केलं. मयताला दिल्यालं परत घेत न्हाईत, म्हणाला. आपल्यात तरी कुठं घेत्यात? म्हणून बाकंच करालोय. बाकं दारात येऊन पडली की परत कशी पाठवील?"

ते खाली बसले. वस्तादांनी वर्गणीची वही उघडली. म्हणाले, "वर्गणीचं बोला." त्या संध्याकाळी बाकांवर परत कुणी काही बोललं नाही. सासूबाई माझ्याबरोबर घरी आल्या. दारात चप्पल काढताना म्हणाल्या, "राजमती. नाव बी म्हाईत न्हवतं गं आपल्याला." दुसऱ्या दिवशी त्यांनी समोरच्या घरी भाकरी पाठवली, आणि पुढं पाठवत राहिल्या.

सगळ्यांची मनं विरघळली असं मात्र नाही. एका बाईच्या चितेपायी इथल्या जिवंत माणसांचं लाकूड अडवलं, असं म्हणणारे होते, आणि त्यांचं सगळंच चूक होतं असं मला आजही म्हणवत नाही. नेमाण्णांनी शब्द पाळला. शिकवण्यांचं सगळं दुष्काळाला दिलं. सुट्टीत जतच्या बाजूला एका दुष्काळी कामावर जाऊन खडी फोडणाऱ्यांच्या मुलांना शिकवलं. तिथून आले ते खोकला घेऊन, आणि निम्मे होऊन. "तिथली पोरं बी जमिनीवरच हाईत," एवढंच मला म्हणाले.

बाकं पुरी व्हायला आणखी बरेच दिवस लागले. भूपालदादा एकदा बाबूच्या अंगणात आले. बाकांवरून हात फिरवला, एक हलवून बघितलं. नेमाण्णांशी बोलले नाहीत. पण मुंबईत मालाची ने-आण करणारा एक गुजराती त्यांच्या ओळखीचा होता. त्याच्याकरवी बोटीत पेट्यांना जागा मिळाली, आणि दादांनी त्याच बोटीत एक माणूस जायचीही सोय केली. मालाच्या बोटीत दोन-चार माणसं घेतात. "तू बी जा," त्यांनी निरोप धाडला. "तिला नमस्कार करून ये. माजा बी सांग."

नेमाण्णा निघाले त्या दिवशी गल्ली स्टेशनवर लोटली. वस्तादांनी हार आणला होता. बाबू रडत होता, आणि रडता रडता कुठला भाग कुठं बसवायचा हे पुन्हा सांगत होता. भूपालदादांनी भावाच्या खिशात गुळाची पुडी कोंबली. गाडी हलली. नेमाण्णा खिडकीतून सगळ्यांना हात करत होते.

आठवड्यानं मी शाळेतून येत होते, तर समोरचं दार उघडं. नेमाण्णा चुलीपुढं बसले होते.

"बोट चुकली," ते म्हणाले. "माल गेला, मी ऱ्हायलो."

गल्लीत सगळ्यांना त्यांनी हेच सांगितलं. भूपालदादांनी डोक्याला हात लावला. नेमाण्णा मुंबईत पोचल्यावरही बोट बंदरात तीन दिवस उभी होती, हे त्यांना त्या गुजरात्याकडून कळलं होतं. त्यांनी ते मला सांगितलं. भावाला विचारलं नाही.

बाकं पोचली. तसं कळायलाच वर्ष उलटलं. पोच आली ती शाळेच्या शिक्क्याची, टाइप केलेली, मंडळाच्या नावानं. खाली नवीन हेडमास्तरांची सही होती. बुधा मास्तर आदल्या साली वारले होते. नव्या हेडमास्तरांनी 'भारतातल्या अज्ञात मित्रांचे' आभार मानले होते. नव्या वर्गांचं उद्घाटन होतं, मंडळाच्या अध्यक्षांनी यावं, राहायची व्यवस्था करू, असंही लिहिलं होतं. बाकं कशाच्या जागी आली हे त्यांना ठाऊक असल्याचं दिसत नव्हतं.

मी ते वाचून दाखवलं. नेमाण्णा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. बुधा मास्तर गेल्याचं वाचलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले, आणि मी संपवेपर्यंत उघडले नाहीत.

"आता तरी जाऊन या," मी म्हणाले. "मागच्या वेळी बोट चुकली नव्हती, हे मला ठाऊक आहे."

"दादानं सांगितलं व्हय?"

"हो."

ते थोडे हसले. खोकल्याची उबळ आली, ती जाऊ दिली.

"धक्क्यावर गेलतो, बाई. शिडीपातूर गेलतो. पेट्या वर चढताना बगितल्या. मग पायच उचलंना." टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "हिथं कुणी इचारलं की मी म्हंतो, तिकडंच हाईत. म्हणून म्हणून मला बी तसंच वाटाय लागलंय. सकाळी उठलो की वाटतंय, तिकडं आता शाळा भरली असंल, ही मागच्या अंगणात शेंगा निवडत बसली असंल. मी हिथं हाय तोवर ती तिकडं हाय. तिकडं गेलो, की कुठंच न्हाई."

मी पोच घडी करून पाकिटात घातली. बाहेर ओट्यावर शिकवणीची मुलं येऊन चपला काढत होती.